क्रॉफर्ड मार्केटची जामा मशीद: खाली तलाव, वर नमाज, पाचपैकी पाच

मी मंगलदास मार्केटमध्ये कापडाच्या गाळ्यावर कामाला आहे, एकोणीस वर्षं झाली, आणि जामा मशीद आमच्या गाळ्यापासून चालत तीन मिनिटांवर. दुपारची जोहर आणि संध्याकाळची असर, या दोन नमाज माझ्या तिथेच होतात. त्यामुळे हिचा रिव्ह्यू लिहावा असं कधी डोक्यातच आलं नाही, रोजच्या ये-जा करायच्या जागेचा रिव्ह्यू कोण लिहितं. पण मागच्या महिन्यात मी आणि गाळ्यावरचा माझा साथीदार, सावंतवाडीचा आहे तो, पैसे भरून एका हेरिटेज वॉकला गेलो. तिथल्या गाइडने शेख मेमन स्ट्रीटवर उभं राहून "ही जुनी मशीद, हिच्यावरूनच मस्जिद स्टेशनचं नाव पडलं" एवढंच सांगितलं आणि सगळ्यांना घेऊन पुढे गेला. आत डोकावणं नाही, पाण्याचा उल्लेख नाही, काही नाही. दोन मिनिटं पण धरली नाहीत. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय, जरा मोठं होईल, वेळ असेल तसं वाचा.

आधी स्टेशनचं सांगून टाकतो. मस्जिद स्टेशनचं नाव आमच्या मशिदीवरून नाही, ते सॅम्युअल स्ट्रीटवरच्या ज्यू लोकांच्या प्रार्थनागृहावरून पडलं असं सांगतात. शार हारहमीम नाव त्याचं, १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं. आडनाव बघा, दिवेकर. हे आपल्या कोकणातलेच बेने इस्रायली, गावाकडे ज्यांना शनवार तेली म्हणायचे, घरात मराठी बोलणारे, आणि ते आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणायचे. म्हणजे त्या एका नावात कोकणची केवढी गोष्ट आहे आणि गाइड ती सोडून भलतंच सांगतो याचं वाईट वाटलं.

आता मशिदीकडे येऊ. पहिल्यांदा येणाऱ्याला ती सापडतच नाही बरं का. क्रॉफर्ड मार्केटकडून शेख मेमन स्ट्रीटला लागलात की दोन्ही बाजूंनी दुकानं, हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल, "बाजू, बाजू" असा ओरडा, पुढे झवेरी बाजार. मशिदीच्या चारही अंगांनी दुमजली इमारतींची रांग आहे आणि तळाला दुकानं आहेत, त्यामुळे बाहेरून बघितलं तर बाजारच दिसतो. ही दुकानं पहिल्यापासून भाड्याने दिलेली, म्हणजे बाजारानेच मशीद पोसायची आणि मशिदीने बाजारातल्या माणसाला बसायला जागा द्यायची अशी व्यवस्था. आणि हे दोन-तीन पिढ्यांतलं नाही, १९०९ च्या सुमारास निघालेल्या मुंबईच्या गॅझेटियरमध्येही, म्हणजे शहराच्या सरकारी माहितीग्रंथात, अशीच दुकानं लिहिलेली आहेत.

पूर्वेच्या मोठ्या दरवाजातून आत पाऊल टाकलं की समोर पाणी. खरंच सांगतो, मी हजारो वेळा गेलो असेन तरी ते पाणी दिसलं की रस्त्यावरचा कलकलाट मागे राहतो. हौज म्हणावा तर लहान शब्द आहे, हा तलाव आहे, पायऱ्या उतरत गेलेला, काही बांधकाम दगडाचं काही विटेचं, रंग हिरवट, आणि तळाला जिवंत झरे आहेत. जुन्या नोंदीत दहाएक फूट पाणी आणि त्यात सोनेरी-रुपेरी मासे असं लिहिलंय, मासे आजही आहेत. वजू करायला, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला, काठावर बसलात आणि हात पाण्यात घातला की ते जवळ येतात, काही तर बोटांना तोंड लावून बघतात. पायरीची कड अडीचशे वर्षं माणसं बसून बसून गुळगुळीत झालीय, मधोमध किंचित खोलगट लागते हाताला.

आणि मशीद कुठे आहे? त्या पाण्यावरच. तलावातून सोळा काळ्या दगडाच्या कमानी वर आल्यात आणि सगळा डोलारा त्यांनी उचलून धरलाय. या कमानी १८९३ साली घातल्या, तलाव मात्र मशिदीच्याही आधीपासूनचा. वरचा मजला लाकडी खांबांवर आहे, खांबांच्या पाच ओळी, आणि प्रत्येक खांबाला कुराण शरीफ ठेवायला जागा केलेली. मला मशिदीतलं सगळ्यात काय आवडतं विचाराल तर हे खांब. पाठ टेकवून बसायचं, हात मागे नेला की किताब हाताला लागते, उठायला लागत नाही. ज्या सुताराला हे सुचलं त्याने दमलेला माणूस बघितलेला असणार.

आता इतिहास, कारण खरी गोष्ट इथे आहे. इंग्रजांनी फोर्टच्या भोवतीची जागा मोकळी करायला घेतली, तोफांना मारा करायला मैदान पाहिजे म्हणून, तेव्हा किल्ल्याजवळची जुनी वस्ती, देवळं, मशिदी सगळ्यांना हलवलं. मुंबादेवीचं मूळ देऊळ पण आज सीएसएमटी आहे त्या बाजूला होतं, तेही असंच हललं आणि इकडे आलं. आमचीही आधीची मशीद तिकडेच एस्प्लनेडच्या, म्हणजे किल्ल्यापुढच्या त्या मैदानाच्या, बाजूला होती, आणि आज देवी आणि जामा मशीद एकाच बाजारात चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहेत. दोघांना एकाच तटबंदीने उठवलं आणि दोघं शेजारी येऊन बसले, मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

नवीन जागा बघितली ती एका मालकाची होती, बागेची जमीन आणि तिच्यात हा तलाव. त्याने जमीन द्यायचं कबूल केलं पण अट घातली की तलाव बुजवायचा नाही, आहे तसाच ठेवायचा. गॅझेटियरमध्येच ही नोंद आहे. मग काय करणार, तलावाच्या वरच बांधायचं ठरलं. १७७५ ला काम सुरू झालं, पुरं व्हायला १८०२ उजाडलं. म्हणजे सत्तावीस वर्षं. पहिल्यांदा एक मजलाच होता, वरचा मजला नंतर आमच्या कोकणी समाजातले महंमद अली रोघे यांनी चढवला. हे रोघे म्हणजे चीनशी व्यापार करणारे, सर जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदार, आणि त्या भागीदारीत मोतीचंद अमीचंद पण होते, म्हणजे पारशी, कोकणी मुसलमान आणि जैन एकाच व्यापारात. त्या काळची मुंबई ही अशी उभी राहिली.

आता जरा थांबून विचार करा. या शहरात किती तलाव होते! धोबीतलाव, सीपी टँक, गोवालिया टँक, दो टाकी, खारा तलाव, बाबुला टँक, मुंबादेवीचा तलाव. सगळी नावं बसच्या पाटीवर शिल्लक आहेत आणि पाणी कुठेच नाही. १८६० ला विहार तलावाचं पाणी नळाने आलं, तलावांची गरज संपली, मग मलेरियाच्या भीतीने एकेक करत बुजवले, कुठे रस्ता झाला कुठे मैदान. गोवालिया टँकचं तर आपलं ऑगस्ट क्रांती मैदान, गांधीजींनी जिथून १९४२ ला चले जाव म्हटलं. बुजवण्यामागे कारण होतं, मलेरियाने माणसं मरत होती, मी नाही म्हणत नाही. पण जुन्या शहरात वाळकेश्वरची बाणगंगा सोडली तर असं झऱ्याचं जिवंत पाणी मी दुसरीकडे बघितलेलं नाही. आणि ते राहिलं का, तर इथे शब्द दिलेला होता. ज्याला दिला तो माणूस गेला, ज्यांनी दिला ते गेले, जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला, झवेरी बाजारात चौरस फुटाला काय रेट आहे ते इथल्यांना विचारा, तरी पाणी जागेवर आहे. हेच त्या गाइडने सांगायला पाहिजे होतं.

वॉक झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी साथीदाराला म्हटलं चल, जेवण झाल्यावर तुला दाखवतो. अकरा वर्षं तो माझ्याबरोबर काम करतोय, बांग रोज ऐकतो, मी नमाजला गेलो की गिऱ्हाईक तोच सांभाळतो, पण आत कधी आला नव्हता. दरवाजात चप्पल काढून उभा राहिला आणि मला हळूच विचारतो, "अरे, मी आलेलं चालेल ना?" मी दारावरच्या चाचांना विचारलं, ते म्हणाले जोहर झालीय, आता निवांत आहे, घेऊन जा. आत आला, पाणी बघितलं आणि दोन मिनिटं बोललाच नाही. मग म्हणाला, "ही तर आमच्या देवळाची तळी आहे की रे." त्याच्या गावी देवळापुढे तळी आहे, दर वर्षी सगळं गाव उतरून गाळ काढतं, त्याचे आजोबा त्यात पहिले उतरायचे म्हणे. मग तो पायरीवर बसूनच राहिला, त्याच्या आजोबांच्या गोष्टी सांगत. मी अटीचं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, त्या मालकाचं नाव काय होतं? मी म्हटलं मला माहीत नाही रे. तो म्हणाला, नाव नाही पण तळी आहे, म्हणजे आहेच तो इथे.

माझं आणि या पाण्याचं नातं जुनं आहे. माझे नाना, आईचे वडील, हाजींना जेद्दाला नेणाऱ्या जहाजावर खलाशी होते. रत्नागिरीकडचे आम्ही. जहाज मुंबईला लागलं की ते डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीवर उतरायचे आणि पहिला शुक्रवार जामा मशिदीत. मी सहा-सात वर्षांचा असताना मला घेऊन आलेले. मी घाईघाईने वजू करायला लागलो तर माझा हात धरून म्हणाले, "आधी बस. पाण्याकडे बघ. मग हात घाल." समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस, चार महिने सगळीकडे पाणीच बघून आलेला, तरी या हौजाजवळ येऊन शांत बसायचा. आता मी माझ्या पोराला तेच सांगतो.

ही मशीद पहिल्यापासून आम्हा कोकणी मुसलमानांच्या देखरेखीखाली. बऱ्याच मराठी लोकांना आमच्याबद्दल माहिती नसते म्हणून सांगतो, आम्ही पारकर, मुकादम, दळवी, नाईक, खोत असल्या आडनावांचे, अरब व्यापाऱ्यांच्या काळापासून किनाऱ्यावर राहिलेले, मजहब शाफई (सुन्नी मुसलमानांतला एक पंथ, हनफी हा दुसरा), घरची बोली कोकणी, शाळा कोणाची मराठी तर कोणाची उर्दू. शाफई असल्यामुळे आमची असरची वेळ हनफी लोकांपेक्षा लवकर येते, त्यामुळे बाजारात नवीन आलेला माणूस गोंधळतो की दोन मशिदींच्या टायमात फरक कसा. त्याचं कारण हे. माहीमचे मखदूम अली माहिमी आमच्या या किनाऱ्याचेच, चौदाव्या-पंधराव्या शतकात कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं त्यांनी. इल्मची, म्हणजे ज्ञानाची, ती आवड मशिदीतही दिसते, इथे कुतुबखाना मुहम्मदिया नावाचं ग्रंथालय आहे, त्यात अरबी, फारसी आणि उर्दूची जुनी हस्तलिखितं सांभाळलीत. आमच्या बाजारातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही की कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या मध्ये असा खजिना आहे. अभ्यास करणारे असाल तर नक्की चौकशी करा.

एक गोष्ट सांगायला जड जाते पण सांगणार, कारण इतिहास सांगायचा तर पुरा सांगायचा. ज्या १८९३ साली पाण्यात कमानी घातल्या त्याच वर्षी ११ ऑगस्टला, शुक्रवारच्या नमाजनंतर, मुंबईची पहिली मोठी हिंदू-मुसलमान दंगल या मशिदीच्या दारातूनच सुरू झाली. काठेवाडात प्रभासपाटणला दंगल झालेली, इथे लोक तापलेले होते, जमाव हनुमान गल्लीतल्या देवळाकडे निघाला आणि मग शहर पेटलं. सत्तरहून जास्त माणसं मेली, दोन्ही बाजूंची. मी जेव्हा जुम्म्याला बाहेर पडतो आणि त्याच गल्लीतून गाळ्यावर जातो तेव्हा कधीकधी हे आठवतं. अट पाळणारे पण इथलेच आणि त्या दिवशी धावत सुटलेले पण इथलेच. त्यावर पांघरूण घालून मशिदीचं कौतुक मला करायचं नाही.

आज मशीद काय काम करते ते बघायचं तर शुक्रवारी नाही, एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी या. नमाज झाल्यावर हमाल खांबांना टेकून दहा मिनिटं डोळे मिटतात. सकाळपासून दीड-दोन मणाचे गठ्ठे ओढलेले असतात, पायाच्या टाचा बघा त्यांच्या, भेगा पडलेल्या, त्या पाण्यात धुऊन वर येऊन बसतात. बाजारात त्यांना बसायला एक फूट जागा कोणी देत नाही, दुकानाच्या पायरीवर टेकले तरी उठवतात. इथे शेठ आणि हमाल एका ओळीत उभे राहतात हे आपण नेहमी ऐकतो, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की नमाजनंतर त्याला पाठ टेकायला खांब मिळतो.

रमजानमध्ये तर विचारू नका. मगरिबच्या आधी बाजारातून खजूर, कलिंगड, केळी, भजी, सरबताचे पिंप येतात, कोणी आणलं हे कोणी विचारत नाही. घरापासून लांब राहणारी, खोलीवर एकटी असणारी पोरं, युपी-बिहारचे कारागीर, सगळे इथेच रोजा सोडतात. आणि २९ व्या रोज्याच्या संध्याकाळी ईदच्या चांदची चौकशी इथे होते, चांद दिसल्याची खात्री करणारी हिलाल कमिटी बसते, कुठून कुठून खबर येते, आणि सगळ्या मुंबईचे डोळे आणि फोन जामा मशिदीकडे लागलेले असतात. आमच्याकडे आईचा ठरलेला प्रश्न असतो, "जामा मशिदीचं काय आलं?" बाकी कोणी काहीही फॉरवर्ड करो, तिथून आल्याशिवाय शेवयांचं दूध गॅसवर चढत नाही.

आणि शेवटचं काम, जे लोकांना दिसत नाही. मरीन लाइन्सचा बडा कब्रस्तान जामा मशिदीच्या ट्रस्टकडेच आहे. नर्गिस, सुरैया तिथेच आहेत, पण माझ्यासाठी तो वेगळ्या कारणाने मोठा आहे. मे २०२० मध्ये माझे मामू कोविडने गेले. मशिदी बंद, रस्त्यावर पोलीस, घरातल्या बाकीच्यांची टेस्ट व्हायची होती, जनाजाला खांदा द्यायला माणूस मिळेना. आम्ही दोघंच भाचे होतो, लांब उभे. त्या कब्रस्तानात प्लास्टिकचे पांढरे कपडे घातलेली तरुण पोरं होती, मे महिन्याच्या उन्हात, चष्म्याच्या आतून घाम वाहताना दिसत होता, त्यांनी मामूंना उतरवलं. त्यातला एक जण माती देताना आमच्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "दुआ पढा, आम्ही थांबतो." आणि ते थांबले. त्या दिवशीची त्यांची ती पहिली कब्र नव्हती, शेवटची पण नव्हती. त्यांचे चेहरे मी बघितलेले नाहीत, रस्त्यात भेटले तरी ओळखणार नाही. अल्लाह त्यांना सुखी ठेवो.

आता येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सीएसएमटीहून चालत दहा-बारा मिनिटं, मरीन लाइन्सहून पण येता येतं, आणि आता मेट्रोचं काळबादेवी स्टेशन झालंय त्यामुळे उपनगरातल्यांना सोपं पडतं. गाडी आणू नका, अजिबात आणू नका, या गल्ल्यांत हातगाडीला वाट मिळत नाही. शुक्रवारी साडेबारा ते अडीच टाळा, बाकीच्या दिवशी पण नमाजच्या वेळा सोडून या, सकाळी दहा ते बारा उत्तम. दारावर विचारून आत जा, पूर्ण पँट किंवा पूर्ण कपडे असू देत, चप्पल पिशवीत घालून हातात ठेवा. फोटो काढायचा तर आधी विचारा, वजू करणाऱ्या माणसाच्या तोंडावर मोबाईल धरू नका. पाण्यात नाणी टाकू नका, माशांना बिस्किटं-पाव टाकू नका. तिकीट वगैरे काही नाही. बाहेर आल्यावर भूक लागली तर क्रॉफर्ड मार्केटच्या समोर फालुदा आहे, झवेरी बाजारात खाऊगल्ली आहे, आणि मुंबादेवीचं दर्शन पण त्याच फेरीत होतं. दोन्ही जागा एकाच दिवशी बघा असं मी मुद्दाम सांगेन.

मला विचाराल तर आत एक पाटी पाहिजे, मराठीत, तलावाची अट आणि १७७५ साल लिहिलेली. साथीदार म्हणतो मजकूर आपण दोघांनी लिहून नेऊन देऊ, बघू या ट्रस्टवाल्यांना पटतं का. तोवर तो येत्या शनिवारी त्याच्या पोरीला घेऊन येणार आहे, चौथीत आहे ती, तिला बोटांना चावणारे मासे बघायचेत.

पाचपैकी पाच.